शेजारच्या घराचं उत्तर

उपमंत्र्यांनी खेकड्याची नांगी अडकित्त्यात धरून फोडली, आतलं मांस ओढून तोंडात टाकलं आणि घास गिळायच्या आधीच विचारलं, "तर मग सांगा, आम्ही एकूण किती जण आहोत?"

टेबलाभोवती हशा पिकला. प्रकाश सगळ्यांत शेवटपर्यंत हसत राहिला, कारण पाहुणे त्याचे होते आणि जेवण त्याच्या कंपनीचं. सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या त्या सीफूड हॉटेलात अंगणापलीकडे समुद्र होता, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिखटगोड लाल रश्शाने भरलेल्या दोन पराती मधोमध होत्या, प्रत्येकाच्या गळ्यात प्लॅस्टिकचं फडकं बांधलेलं होतं, आणि उपमंत्र्यांच्या बोटांवरचा रस्सा मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्यापर्यंत उतरला होता.

उज्ज्वल पारधे टेबलाच्या टोकाला बसला होता. आकडा त्याला पाठ होता. जेवायला बोलावलं होतं तेही त्यासाठीच. ओरेंबा हा आफ्रिकेतला देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि ही त्याची पहिली जनगणना होती. भरलेले तक्ते वाचायची यंत्रं त्या देशात नव्हती. मदत देणाऱ्या बँकेलाही मोजणी बाहेरच्या कुणी तरी करायला हवी होती. म्हणून तक्त्यांच्या पेट्या जहाजाने सिंगापूरला आल्या होत्या आणि पाया लेबारच्या एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर, वर्षभर ते तक्ते यंत्रातून सरकत होते. उज्ज्वल त्या कामाचा प्रमुख होता.

त्याने आकडा सांगितला. उपमंत्र्यांनी तोंड वाकडं केलं. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात राष्ट्राध्यक्षांनी याहून बराच मोठा आकडा सांगितला होता, आणि मदत माणशी मिळते.

"तुमच्या यंत्राला म्हणावं, जरा पोटभर जेव आणि मग मोज," ते म्हणाले. पुन्हा हशा.

हा माणूस जुन्या राजवटीत सहा वर्षं तुरुंगात होता. सुटला तेव्हा राजधानीतल्या लोकांनी त्याला खांद्यावरून मिरवलं होतं. त्या मिरवणुकीचा फोटो कंपनीने आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापला होता. फोटोत गालफडं बसलेली होती आणि डोळे असे होते की बघणाऱ्याने नजर खाली घ्यावी. आता त्याची दोन मुलं सिंगापूरच्या शाळेत होती, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथेच व्हायचं होतं, आणि जनगणनेचे निकाल समजून घ्यायला आलेल्या शिष्टमंडळात जनगणनेशी संबंध असलेलं माणूस एकच होतं. ती बाई उज्ज्वलच्या शेजारी बसली होती. मिस ओयेला, जनगणना अधिकारी. तिने खेकड्याला हात लावला नव्हता. ताटात नुसता भात होता आणि तोही अर्धा तसाच.

हसण्याचा गलका चालू असताना ती हळूच म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्या कोष्टकांत वेसो कुठे आहेत?"

उज्ज्वलला प्रश्न कळला नाही. वेसो म्हणजे खाडीच्या मुखाशी राहणारे लोक, तिने सांगितलं. मासेमारी करणारे. काठाला काठ लागून त्यांचीच गावं आहेत. कोष्टकांत त्या काठावर फक्त मुरांदा दिसतायत. मुरांदा तर राजधानीकडचे, सरकारही त्यांचंच.

"मोजणारी माणसं मी स्वतः पाठवली होती," ती म्हणाली. "होडीने. त्यांनी लिहून आणलंय."

उज्ज्वलने बघतो म्हणून सांगितलं. समोर प्रकाश दुसरी परात मागवत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या त्याने खाडीकाठचे तक्ते पडद्यावर उघडले. अर्ध्या तासात त्याला सगळं कळलं.

तक्त्यावर जमातीचा प्रश्न होता. मोठ्या अकरा जमातींची नावं छापलेली, प्रत्येकीपुढे एक चौकोन, त्यात खूण करायची. अकरांत नसाल त्यांच्यासाठी खाली एक ओळ कोरी सोडलेली, तिथे हाताने लिहायचं. वेसो अकरांत नव्हते. पण यंत्र फक्त खुणा वाचायचं. हाताने लिहिलेलं माणसांनी वाचून भरायचं असतं, आणि त्या माणसांचा खर्च प्रकाशने पहिल्याच महिन्यात अंदाजपत्रकातून उडवला होता. त्यामुळे चौकोनात खूण नसलेला तक्ता यंत्राच्या लेखी कोरा ठरला.

कोऱ्या उत्तराचं काय करायचं याला नियम असतो. शेजारच्या घराचं उत्तर उचलायचं. घराचं छप्पर कशाचं, पाणी कुठून येतं, हे कुणी लिहायचं विसरलं तर त्याच्या आधी मोजलेल्या घराचं उत्तर त्याला लावतात. एका आळीतली घरं सारखीच असतात. जगभर हे चालतं आणि त्यात काही गैर नाही. हा नियम कुठल्या प्रश्नांना लावायचा याची यादी उज्ज्वलने केली होती. एका दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत. छप्पर, पाणी, दिवा, चूल अशी नावं एकाखाली एक होती. त्याने पहिल्यापुढे नियम लिहिला आणि माऊस धरून खालपर्यंत ओढत नेला. शेवटून तिसरी ओळ जमातीची होती.

खाडीच्या वरच्या टोकाला एक पोलीस ठाणं होतं आणि मोजणी तिथून सुरू झाली होती. ठाण्यातल्या हवालदाराचं कुटुंब राजधानीकडचं, मुरांदा. त्याने चौकोनात ठसठशीत खूण केली होती. त्यापुढे समुद्रापर्यंत एकाही तक्त्यावर खूण नव्हती. यंत्राने हवालदाराचं उत्तर उचललं आणि पुढच्या घराला लावलं, त्याचं त्याच्या पुढच्याला, त्याचं त्याच्या पुढच्याला. असं करत अख्खा काठ हवालदाराच्या जातकुळीचा होऊन गेला.

उज्ज्वल एकेक तक्ता पुढे सरकवत राहिला. प्रत्येकावर त्या कोऱ्या ओळीत कुणी तरी लिहिलं होतं, वेसो. काही ठिकाणी अक्षर सराईत होतं, काही ठिकाणी होडी हलत असावी तसं वेडंवाकडं. एका ठिकाणी खाली दोन रेघा मारल्या होत्या, बहुधा घरच्यांनी मारायला लावल्या असतील. त्याच्या तोंडाला आदल्या रात्रीच्या त्या गोडसर रश्शाची चव परत आली. उठून तो बेसिनपाशी गेला आणि चूळ भरून आला.

इतर कुणी हे केलं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. त्याला ते तसं सोडता येत नव्हतं. एकाहत्तर सालच्या जनगणनेत तो आठ वर्षांचा होता. वडील, बाबूराव पारधे, जालन्याला रेल्वेत पॉइंट्समन होते आणि घर क्वार्टरमध्ये. मोजणीला शाळेतले मास्तर आले होते. धर्म, असं म्हणून मास्तरांनी उत्तराची वाट न बघता लिहूनही टाकलं. बाबूराव म्हणाले, काय लिहिलं ते वाचून दाखवा. मास्तर म्हणाले, शेजारच्या क्वार्टरला जे लिहिलंय तेच. बाबूराव दारात उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही आणि वाटही सोडली नाही. शेवटी मास्तरांनी ते खोडलं आणि वर बौद्ध असं लिहिलं. आईने चहा केला होता. उपास आहे म्हणून मास्तरांनी तो घेतला नाही, आणि शेजारच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून बशीने प्यायले. उज्ज्वलने ते खिडकीतून पाहिलं होतं. तो चहा पुढे आईने मोरीत ओतला.

त्या बाबूरावांच्या मुलाने एका दुपारी माऊस ओढून मास्तरांचं काम केलं होतं, आणि मास्तरांनी एकाच घरापुरतं केलं होतं.

त्याने प्रकाशला सविस्तर मेल लिहिला. चूक माझी आहे, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं. दहा-बारा मुलं कामाला लावली तर तीन आठवड्यांत हाताने लिहिलेलं सगळं भरून होईल आणि कोष्टकं नव्याने काढता येतील. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रकाश त्याच्या टेबलाशी आला आणि चल, कोपी पिऊन येऊ म्हणाला.

प्रकाश पुण्याचा. दहा वर्षांपूर्वी पहिल्या दिवसापासून तो उज्ज्वलला अरेतुरे करत होता आणि उज्ज्वल त्याला अहोजाहो. ते कधी बदललं नव्हतं आणि त्याविषयी कधी कुणी बोललंही नव्हतं. माणूस वाईट नव्हता. उज्ज्वलला सिंगापूरला त्यानेच आणलं होतं, त्याच्या मुलीच्या, अंजलीच्या, शाळाप्रवेशाच्या वेळी स्वतः बरोबर आला होता, दर दिवाळीला घरच्या चिवड्याचा डबा द्यायचा. इमारतीखालच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, त्याने दोन कप आणले, टेबलावर सांडलेला आधीच्या गिऱ्हाइकाचा रस्सा कागदाने पुसला आणि बसला.

"सापडलं ते छान केलंस," तो म्हणाला. "आता ते तसंच राहू दे."

"चूक आहे ती."

"कुणाच्या दृष्टीने? गिऱ्हाईक खूश आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. नव्या राज्यघटनेत एक कलम होतं. ज्या जमातीची संख्या ठरावीक प्रमाणात असेल तिला विधिमंडळात स्वतःची जागा, आणि तिच्या जमिनीखाली काही निघालं तर आधी तिची संमती. खाडीच्या मुखाशी गॅस निघाला होता. वेसो कोष्टकात आले तर त्यांना विचारावं लागणार होतं. नाही आले तर तो काठ मुरांदांचा, आणि मुरांदांना विचारणं म्हणजे उपमंत्र्यांनी आपल्या चुलत भावाला फोन करणं. उपमंत्र्यांना ही चूक कळली तेव्हा ते म्हणे एवढंच म्हणाले, तुमचं यंत्र आमच्यापेक्षा मोठं देशभक्त निघालं.

"एकदा नाव दिलं ना, की मागायला येतात रे," प्रकाश कपात चमचा फिरवत म्हणाला. "आधी नाव, मग जागा, मग वेगळा कोटा. आपल्याकडे बघतोयस ना काय चाललंय." चमचा थांबला. "तुला उद्देशून नाही हां. तू तर मेरिटवाला."

हे वाक्य उज्ज्वलने आयुष्यात पुष्कळांच्या तोंडून ऐकलं होतं आणि म्हणणाऱ्याला दर वेळी वाटायचं की आपण कौतुक केलं.

सही मात्र त्याचीच लागणार होती. बँकेच्या करारात कामाचा प्रमुख म्हणून त्याचं नाव होतं, आणि वापरलेली पद्धत सर्वमान्य आहे असं निवेदन त्याने सहीनिशी द्यायचं होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पद्धत सर्वमान्य होतीच.

उठताना प्रकाशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुझा नोकरीचा पास सप्टेंबरात संपतो ना, त्याने विचारलं, आणि अंजलीची ओ लेव्हलची परीक्षा ऑक्टोबरात? एचआरला मीच सांगणार आहे, तू काळजी करू नकोस. हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की धमकी म्हणावं तर आपणच हलकट ठरावं.

घरी, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये, त्याची बायको सरला कांदा चिरत होती. ती जवळच्या एका बालवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी घरी आली की दुसऱ्यांच्या मुलांची गाणी नकळत गुणगुणत असायची. उज्ज्वलने ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. अंजली जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्राचा अभ्यास पसरून बसली होती. कानात वायरी असल्या तरी तिला हवं ते ऐकू यायचं.

"पप्पा, जस्ट फिक्स द कोड लाह," ती मान वर न करता म्हणाली. "व्हाय सो ड्रामा?"

कोड दुरुस्त करून देतो म्हटलं तर कंपनी पास वाढवणार नाही, असं त्याने तिला मराठीत सांगितलं. पास गेला की महिन्याभरात तिघांनी देश सोडायचा. अंजलीने कानातल्या वायरी काढल्या.

"देन माय ओ लेव्हल्स हाऊ?"

परत गेलो तर औरंगाबादला तिला कुठल्या वर्गात घेतील, दहावीत की अकरावीत, आणि कुठल्या बोर्डाच्या, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि सरलालाही. पोरगी सहा वर्षांची असताना इथे आलेली. तिला मराठी बोललेलं समजायचं, वाचता येत नव्हतं.

ती आपल्या खोलीत गेल्यावर सरलाने गॅस बारीक केला. "त्या लोकांना कधी कळंल का, हे तुम्ही केलं म्हणून?"

"नाही. कसं कळणार?"

"मग तुम्हाला कळंल तेवढंच." तिने हात धुतले. ती त्याला सही करा म्हणाली नाही, करू नका असंही म्हणाली नाही. फक्त थोड्या वेळाने म्हणाली, "रविवारी फोनवर बाबांना नका सांगू मात्र. ऐकायला कमी येतंय आता त्यांना, पण एवढं बरोबर ऐकू येईल."

ओयेलाला आपण होऊन सांगायचं त्याने ठरवलं. तिने विचारलं होतं, आणि तो उत्तर देणं लागत होता. शनिवारी तो बेनकूलन स्ट्रीटवरच्या तिच्या हॉटेलात गेला. लॉबीत शिष्टमंडळाचं सामान येत होतं. सपाट टीव्हीचे खोके, लहान मुलाची बॅटरीवर चालणारी मोटार, एका बाईच्या हातात अजून न फाडलेल्या चिठ्ठ्यांसकट कपड्यांचा ढीग. उपमंत्र्यांचा मेहुणा म्हणून ओळख करून दिलेला गृहस्थ हमालाशी हुज्जत घालत होता. ते सामान मोटारीपासून लिफ्टपर्यंत जाईपर्यंत तो आणि ओयेला कोपऱ्यातल्या सोफ्यावर थांबून राहिली.

मग उज्ज्वलने सगळं सांगितलं. ठाणं, हवालदार, कोरी ओळ. नियम आपणच लावला हेही.

ओयेलाला ते ठाऊक होतं. परवा तिला बोलावून सांगण्यात आलं होतं आणि अभिनंदनही करण्यात आलं होतं. "माझी आई वेसो आहे," ती म्हणाली. "वडील मुरांदा. आमच्या घरचा तक्ता मीच भरला. मुरांदाच्या चौकोनात खूण केली मी. नाही तर या खुर्चीवर मला कुणी बसवलं नसतं."

उज्ज्वलला वाटलं की आता आपलं सांगावं, आणि त्याने सांगितलं. जनगणनेच्या मास्तरांची वाट अडवणारे वडील शाळेत मात्र मुलाचा धर्म हिंदू लिहून आले होते, कारण त्या काळी बौद्ध लिहिलं की केंद्र सरकारच्या नोकरीतली सवलत जायची. मुलाला त्या नोकरीची परीक्षा देता यावी म्हणून. तो दाखला अजून त्याच्या फायलीत होता आणि दर वेळी काढताना तो पालथा ठेवायचा.

ओयेलाने नीट ऐकून घेतलं. तिचा चेहरा मऊ झाला नाही. "म्हणजे तुम्हाला तर कळायला हवं होतं," ती म्हणाली.

एवढं स्पष्ट त्याला अजून कुणी बोललं नव्हतं. मग तो म्हणाला, मी सही करणार नाही. म्हणताना त्याला स्वतःचा आवाज चांगला वाटला.

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. "तुम्ही केली नाहीत तर ते माझ्याकडून घेतील. करारात तुमच्यानंतर माझं नाव आहे. तुमचा पास जाईल. माझं काय जाईल ते मी इथे या सोफ्यावर बसून सांगणार नाही. आई अजून त्या काठावरच राहते."

बाहेर पडून तो बसस्टॉपवर उभा राहिला. छातीवरचं ओझं उतरलं होतं. सही करायला कारण मिळालं होतं, आणि कारण चांगलं होतं. कुणालाही सांगता आलं असतं. त्या बाईने आपलं भय त्याच्या हातात ठेवलं आणि त्याने ते परवाना मिळाल्यासारखं खिशात घातलं. आपल्याला बरं वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा उपमंत्र्यांविषयी, प्रकाशविषयी गेले आठ दिवस साठलेली सगळी किळस एकदम जागा बदलून त्याच्याच अंगावर आली. दोन बस गेल्या. तिसरीत तो चढला.

सोमवारी त्याने सही केली. प्रकाश कागद घेऊन स्वतः आला होता. काही बोलला नाही, हेही त्याचं चांगुलपणच. जाताना एवढंच म्हणाला, की निकालाचा कार्यक्रम शुक्रवारी दुपारी आहे, कोट घालून ये.

कार्यक्रम सिटी हॉलजवळच्या हॉटेलात होता. बँकेचे दोन प्रतिनिधी आले होते, गोरे, सभ्य, कोष्टकं चाळून बघणारे. एकाने उज्ज्वलला दोन प्रश्न विचारले. दोन्ही वयोगटांविषयी होते आणि दोन्ही चांगले होते. पडद्यावर ओरेंबाचा नकाशा होता, जमातीजमातीच्या रंगांत रंगवलेला. खाडीचा काठ मुरांदांच्या पिवळ्या रंगात होता आणि पडद्यावर तो भाग सगळ्यांत सुंदर दिसत होता. उपमंत्र्यांनी भाषण उत्तम केलं. तुरुंगातल्या दिवसांविषयी बोलताना त्यांचा गळा दाटून आला, आणि तो खरोखर दाटून आला होता. तिथे आम्हांला नंबराने हाक मारायचे, ते म्हणाले. म्हणून माझ्या देशात प्रत्येक माणसाची नोंद झाली याचं मोल मला विचारा. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. उज्ज्वलही उभा राहिला. बसून राहिलं असतं तर दिसलं असतं.

शेवटी भेटवस्तू दिल्या. नावं पुकारायचं काम ओयेलाकडे होतं. तिने उज्ज्वलचं नाव घेतलं, टेबलावरची एक वस्तू उचलून त्याच्या हातात दिली आणि फोटोसाठी त्याच्या बाजूला उभी राहिली. हातभर लांबीची लाकडी होडी होती, काळ्या लाकडातून कोरलेली, निमुळत्या टोकाची. बुडाशी पितळी पट्टी होती आणि तिच्यावर ओरेंबाची राष्ट्रीय हस्तकला असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"ही कोण करतं?" त्याने ओठ न हलवता विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली, आणि फोटो निघाल्यावर पुढचं नाव पुकारायला गेली.

बुफेला तो थांबला नाही. होडीला खोका नव्हता, पिशवीत ती मावेना, म्हणून तशीच हातात धरून तो सिटी हॉल स्थानकावर एमआरटीच्या रेल्वेत चढला. बसायला जागा मिळाली. मांडीवर आडवी धरलेली ती वस्तू येणाऱ्याजाणाऱ्याला लागत होती आणि तो दर वेळी सॉरी म्हणत होता. एचआरचा मेल सकाळीच आला होता. पास आणखी दोन वर्षांनी वाढवायचा अर्ज गेला होता. घरी सांगितल्यावर सरला काय म्हणेल ते त्याला माहीत होतं. ती बरं म्हणेल आणि पानं घेईल.

आउटराम पार्कला एक चिनी म्हातारी चढली. हातात भाजीच्या पिशव्या. शेजारची जागा मिळाल्यावर तिने पिशव्या पायांशी लावल्या आणि निःसंकोचपणे होडीवर हात ठेवला.

"बोट आह?"

"येस, आंटी."

"व्हेरी नाइस. हू मेक वन?"

त्याला आफ्रिका म्हणता आलं असतं. पट्टीवरचं देशाचं नाव वाचून दाखवता आलं असतं. निवेदनावर सही करून त्याला चार दिवस झाले होते आणि त्या सहीनुसार उत्तर एकच होतं, मुरांदा.

"वेसो," तो म्हणाला. "वेसो पीपल."

"नेव्हर हिअर बिफोर," म्हातारी म्हणाली. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला, होडी आपल्याकडे कलती केली आणि आत वाकून बघितलं. होडीच्या पोटात माणसं कोरलेली होती, पेरभर उंचीची, एकामागे एक बसलेली. तिने त्यांच्या डोक्यांवरून बोट नेत मोजलं, आधी चिनीत, मग त्याच्यासाठी पुन्हा इंग्रजीत.

"फाइव्ह पीपल," ती म्हणाली. "धिस वन सो स्मॉल. बेबी, आह?"

उज्ज्वलने वाकून होडीत पाहिलं. त्याने ती माणसं मोजली नव्हती.